कर्जतपुढचा लोकलचा फाटा खोपोलीलाच का संपतो?

मुख्य मार्ग घाट चढून पुण्याला जात असताना पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी अशी लहान स्थानके घेत जाणारा एकेरी फाटा खोपोलीलाच का संपतो, असे आपण विचारले आहे. याचे कारण असे की, एके काळी हाच मुख्य मार्ग होता.

बोरघाटाच्या पायथ्याचे खोपोली हे रेल्वे येण्याच्या पुष्कळ आधीपासून मुंबई-पुणे वाटेवरचे मुक्कामाचे गाव होते. नाना फडणविसांनी तेथे बांधलेला तलाव आणि वीरेश्वराचे देऊळ आजही आहे. साहजिकच १८५६ साली रेल्वे प्रथम खोपोलीपर्यंत आली. १८५८ साली वर खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली आणि मधला घाट प्रवाशांना पालखीतून, तट्टावरून किंवा बैलगाडीतून ओलांडावा लागे. १८६३ साली घाटातला लोहमार्ग खुला झाला, तो मात्र पळसदरीपासूनच वेगळा झाला, कारण खोपोलीच्या डोक्यावरचा कडा इतका सरळ उभा आहे की तेथून गाडी वर नेणे शक्यच नव्हते. अलीकडूनच डोंगराच्या सोंडेवरून चढत जाऊनही काही ठिकाणी सदतीस फुटांमागे एक फूट असा चढ ठेवावा लागला. खोपोलीचा तुकडा तेव्हापासून शाखा झाला.

ज्या कड्याने रेल्वेला वाट दिली नाही, त्याच कड्याच्या उंचीचा उपयोग पुढे टाटांनी करून घेतला. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांचे पाणी नळांतून खाली सोडून खोपोलीत वीज निर्माण होऊ लागली आणि १९१५पासून ती मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली.

शाळेत आपल्याला बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी शिकवली जाते. पण पुण्याचा प्रवासी खोपोलीला गाडीतून उतरून घाट चढत होता, ती सात वर्षे कोणी सांगत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

आपण जाणार असाल तर दिवसाउजेडी जावे आणि पळसदरी सुटताच पूर्वेकडच्या खिडकीतून पुण्याचे रूळ डोंगराकडे वळताना पाहावेत. एकेरी मार्गामुळे गाड्या मोजक्याच असतात, म्हणून केळवली किंवा डोलवलीला उतरण्याआधी परतीच्या गाडीची वेळ पाहून ठेवावी.