‘पोरगी वर्गात झोपते’: शाळेकडे पैसा नसताना काय करता येतं

“मॅडम, पोरगी पुस्तक घेऊन बसली की पेंगते. वर्गातही झोपते म्हणे. मोबाईल काढून घेतला, ओरडून झालं, अंगारा लावून झाला. आता तुम्हीच सांगा तिला काहीतरी.” बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या पालकांकडून ही तक्रार मी समुपदेशक म्हणून सतत ऐकते. शिक्षकांची त्याला जोडून ठरलेली दुसरी तक्रार असते: “मुलांच्या तब्येतीकडे बघायचं खरं, पण आमच्याकडे फंड कुठाय?” या दोन्ही तक्रारींचं उत्तर बरेचदा एकाच ठिकाणी सापडतं, म्हणून एका मुलीची हकीकत सांगते. गावाचं नाव देत नाही, आणि तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

खानापूर तालुक्यातली सरकारी मराठी शाळा. पट साठच्या आसपास. मुलगी सातवीत. वडील गोव्यात कामाला, महिन्या-दीड महिन्यानं घरी येणारे. आई दुसऱ्याच्या शेतात रोप लावायला, भांगलायला जाणारी. वर्गशिक्षिकेनं मला बोलावलं ते मुलगी एकलकोंडी झाली म्हणून. हुशार होती, आता मान खाली घालून बसते, चारचौघांत बोलत नाही, महिन्यातून चार-पाच दिवस शाळेला येतच नाही.

मुलं समोर आली की मी आधी मनाचं काही विचारत नाही. सकाळी उठल्यापासूनचा दिवस सांगायला लावते. ती सांगू लागली. पहाटे उठून पाणी भरायचं, धाकट्या भावाचं आवरायचं, कोरा चहा आणि दोन बटर खायचे, मग चालत शाळा. दुपारी शाळेतला भात-सांबार, तोही अर्धाच, कारण भूकच लागत नाही. बोलता बोलता माझं लक्ष तिच्या पाण्याच्या बाटलीकडे गेलं. दुपारचे साडेतीन वाजले होते, उकाडा होता, आणि बाटली गळ्यापर्यंत भरलेली.

“पाणी प्यायली नाहीस गं?”

“प्यायलं की जायला लागतंय.”

“मग जायचं.”

ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “दाराला कडी नाही आतनं. एकीनं बाहेर दार धरून उभं राहायला लागतंय. माझी मैत्रीण धरायची. ती आता मामाच्या गावच्या शाळेत गेली.”

मैत्रीण गेल्यावर ही मुलगी सकाळी घरातून निघाल्यापासून संध्याकाळी परत जाईपर्यंत लघवीला जात नव्हती. त्यासाठी पाणी पीत नव्हती. पाणी नाही म्हणून डोकं दुखायचं, ओटीपोटात दुखायचं. पाळीच्या दिवसांत तर घरीच. सरकारच्या शुची योजनेतले मोफत पॅड शाळेत येत होते, पण बदलायला बंद होणारं दार नसेल तर त्या पॅडचा उपयोग काय? शिक्षिकेला जे एकलकोंडेपण दिसत होतं, त्यातलं निम्मं या कडीपाशी अडकलेलं होतं.

उरलेलं निम्मं तिच्या डोळ्यांत दिसत होतं. खालची पापणी जरा ओढून बघितली तर आतून पांढुरकी. जिना चढल्यावर धाप लागते का विचारलं, तर मान हलवली. “लोहाच्या गोळ्या मिळतात ना शाळेत?” यावर उत्तर आलं, “आई म्हणत्या नको खाऊस.”

या गोळ्यांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण बहुतेक शाळांत घोडं इथंच अडतं. 10 ते 19 वर्षांच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा लोह आणि फॉलिक ॲसिडची निळी गोळी मोफत द्यायची, हा कार्यक्रम देशभर आहे. तिच्यात 60 मिलीग्रॅम लोह असतं. 5 ते 9 वर्षांच्या मुलांसाठी 45 मिलीग्रॅमची गुलाबी गोळी असते. शाळेला एक पैसा खर्च नाही. तरी या शाळेत गोळ्यांची पाकिटं कपाटात पडून होती. झालं असं होतं की, गोळी शनिवारी द्यायचे. शनिवारी सकाळची शाळा, मुलांच्या पोटात घोटभर चहा. रिकाम्या पोटी लोहाची गोळी गेली की मळमळतं. दोन मुलांना उलट्या झाल्या, एकाला दुसऱ्या दिवशी शौचास काळी झाली, आणि गावभर झालं की या गोळ्यांनी पुढं मुलं होत नाहीत. पालक भांडायला आले. शिक्षकांनी घाबरून गोळ्या बंद केल्या. वर माहितीपत्रक सगळं कन्नडमध्ये, आणि आया मराठी चौथी-पाचवी शिकलेल्या. सीमाभागात हे नेहमीचं आहे. समजावणारा कागद घरी पोचतो, पण वाचला जात नाही, आणि मोकळी राहिलेली जागा अफवा भरून काढते.

आईला भेटले. तिच्यावर रागवायला माझ्याकडे काहीच कारण नव्हतं. पोरीला काही होऊ नये म्हणूनच तिनं गोळी नको म्हटलं होतं. “बाहेरचं काही असेल का ओ मॅडम?” तिनं विचारलं. मी म्हटलं, “ताई, देवाचं तुम्ही करताय ते करा, पण त्याच्या जोडीला रक्त तपासून आणू.” प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी फुकट झाली. हिमोग्लोबिन 8.6. या वयाच्या मुलीचं 12 च्या वर असायला हवं. डॉक्टरांनी तीन महिने रोज गोळ्या लिहून दिल्या, आणि जंताचं औषधही. मुलगी आईबरोबर चिखलात अनवाणी उतरते हे कळल्यावर त्यांनी आईला नीट समजावलं की, मातीतल्या अंकुशकृमीची अळी तळपायाच्या कातडीतून आत शिरते, आतड्याला चिकटते आणि रक्त पिते. आईनं हे फार लक्ष देऊन ऐकलं. भातशेतीच्या या पट्ट्यात चप्पल आणि फेब्रुवारी-ऑगस्टमध्ये शाळेत मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी या दोन्ही गोष्टी रक्तासाठीच आहेत, हे कुणी तिला आधी सांगितलंच नव्हतं. जेवणाबरोबर लिंबू पिळायचं आणि जेवणानंतर तासभर तरी चहा टाळायचा, हेही तिला पटलं. चहा लोह अंगी लागू देत नाही आणि लिंबू ते लागायला मदत करतं. लिंबाचं झाड त्यांच्या परड्यातच होतं.

एका मुलीचं इथवर झालं, पण दाराची कडी आणि कपाटातली पाकिटं साठ मुलांची होती. म्हणून एसडीएमसीच्या, म्हणजे पालकांचा सहभाग असलेल्या शाळेच्या समितीच्या बैठकीत बसले. तिथं अपेक्षेप्रमाणे पहिलं वाक्य आलं, “फंड नाही.” ते खोटं नव्हतं. समग्र शिक्षा योजनेत 31 ते 100 पटाच्या शाळेला वर्षाला 25,000 रुपयांचं अनुदान ठरलेलं आहे. खडूपासून वीजबिलापर्यंत सगळं त्यातच बसवायचं, आणि पैसे वेळेवर येतीलच असं नाही. पण त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असाही नियम आहे. म्हणजे 2,500 रुपये. तेवढ्यात काय होईल, यावर मात्र चांगली तासभर चर्चा झाली, आणि ती पालकांनीच केली. एक सदस्य गावातले वेल्डर होते. ते म्हणाले, “कडी मी उद्याच लावून देतो, पैशाचं काढू नका.” दोन बादल्या, मग, झाकणाचा डबा, बल्ब हे अनुदानातून. साबणाच्या वड्या मुलं पळवतात ही हेडमास्तरांची अडचण होती. त्यावर दीड लिटर पाण्यात 30 ग्रॅम धुण्याची पावडर घालून, झाकणाला भोकं पाडलेल्या बाटल्या नळापाशी दोरीनं टांगायचं ठरलं. हात धुवायला तेवढं पुरतं.

एका तरुण शिक्षकाला ‘वॉटर बेल’ सुरू करायची होती. केरळनं 2019 मध्ये शाळांत पाणी पिण्यासाठी वेगळी घंटा सुरू केली, आणि मग कर्नाटकातही तिची चर्चा झाली. कल्पना मला मनापासून आवडते. पण मी आग्रहानं सांगितलं की आधी कडी लागू दे, मग घंटा वाजू दे. दार बंद होत नसताना घंटा वाजवली तर मुलगे पाणी पितील आणि मुली ओठ ओले करून बाटली खाली ठेवतील. स्वस्तातला उपाय करताना क्रम चुकला की तो फुकट जातो, हे शाळांनी खरंच ध्यानात घ्यावं.

गोळ्यांचा वार बदलला. आता सोमवारी, दुपारच्या जेवणानंतर. पहिल्या सोमवारी पालकांना बोलावलं होतं. गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंनी सगळं मराठीतून सांगितलं. शौचास काळी होते म्हणजे न जिरलेलं लोह बाहेर पडतंय, घाबरायचं काही नाही. मग हेडमास्तर, वर्गशिक्षिका आणि आशाताई या तिघांनी सगळ्यांसमोर जेवून गोळी गिळली. एवढ्यानं अफवा मेली नाही, पण दबली. शाळेत मिळणाऱ्या अंड्यावरून थोडी कुरबुर झाली, कारण गावात माळकरी घरं बरीच. त्या मुलांना केळं देण्याची सोय योजनेतच आहे, ती नीट नोंद करून सुरू झाली. स्वयंपाकाच्या बाईंनी स्वतःहून सांबारात शेवग्याचा पाला घालायला सुरुवात केली. शाळेच्या कुंपणाला शेवगा होताच.

सगळं मार्गी लागलं असं नाही. एप्रिल जवळ आला की बोअरचं पाणी आटतं आणि मुलांनाच बादल्या आणाव्या लागतात. त्याला 2,500 रुपये पुरत नाहीत. त्यासाठी पंचायतीच्या मागं लागण्यावाचून इलाज नाही, आणि ते काम एसडीएमसीनं अजून सोडलेलं नाही.

ज्या पालकांचं मूल पेंगतं, चिडतं, अभ्यासात मागं पडतंय, त्यांनी मोबाईलकडे जरूर बघावं. पण शाळा सुटल्यावर त्याची पाण्याची बाटलीही हलवून बघावी. आठवड्याची गोळी मिळते का, पोट भरल्यावर मिळते का, शाळेच्या शौचालयाचं दार आतून बंद होतं का, हे मुलाला एकट्यात विचारावं, विशेषतः मुलीला. शाळेत वर्षातून एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्या दिवशी मूल घरी ठेवू नये. आणि हे सगळं बघूनही मूल उदास असेल, तर समुपदेशकाकडे जरूर यावं. मनाचे प्रश्न खरेच असतात, फक्त ते उपाशी आणि तहानलेल्या अंगातून नीट ऐकू येत नाहीत.

त्या मुलीचं हिमोग्लोबिन तीन महिन्यांनी 10.9 झालं. म्हणजे अजून कमीच, डॉक्टरांनी गोळ्या पुढं चालू ठेवल्या आहेत. पाळीच्या दिवसांत ती आता शाळेला येते, आणि पाचवीतल्या एका मुलीला घेऊन नळापाशी बाटल्या भरून ठेवायचं काम तिनंच मागून घेतलंय. गेल्या खेपेला तिची आई भेटली, ती दुसरीतल्या धाकट्याला सोबत घेऊनच. तिला विचारायचं होतं की याची गुलाबी गोळी गेल्या सोमवारी चुकली, तर या सोमवारी दोन द्यायच्या का. नाही, एकच, असं सांगितलं.