झोपेच्या गादीआधी बाबांचा विमा

सांगलीहून एका आईचं पत्र आलंय. नऊ वर्षांच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे स्नायूंवर ताबा न राहणं) आहे, झोपेत त्याचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात. आई रोज रात्री तीनला उठून त्याच्या गुडघ्यांमध्ये गोधडीची गुंडाळी सरकवतात. सकाळी ती पायथ्याशी पडलेली असते. शरीर नीट धरून ठेवणारा परदेशी गादी-संच 1 लाख 60 हजारांना आहे. ‘खुबा सरकणार नाही, ऑपरेशन टळेल,’ असं विक्रेता म्हणाला. त्यासाठी 3 लाखांची एफडी मोडावी का, असा प्रश्न आहे. शेवटी जाता जाता लिहिलंय, ‘भविष्याची काळजी नाही, मुलाच्या नावाने वर्षाला 1 लाखाची पॉलिसी आहे.’

ताई, मला काळजी त्या पॉलिसीचीच वाटते.

आधी गादीचं. एफडी मोडू नका. अशा संचांनी खुबा सरकणं थांबतं का, याचा कोक्रेनने (उपचारांचे पुरावे तपासणारी आंतरराष्ट्रीय संस्था) 2015 मध्ये आढावा घेतला, तेव्हा एकही भरवशाची चाचणी सापडली नाही. म्हणजे ‘ऑपरेशन टळेल’ म्हणायचा विक्रेत्याला काहीच आधार नाही. खुब्यावर लक्ष ठेवायचं ते डॉक्टर सांगतील तेव्हा एक्स-रे काढून. आराम मात्र खरा असू शकतो. फिजिओथेरपिस्टने मापं दिली, तर गादीवाला फोमच्या पाचरी काही हजारांत कापून देईल. फिट्स किंवा श्वासाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. शिवाय मूल वाढतं, आजचं माप दोन-तीन वर्षांत अपुरं पडेल.

आता पॉलिसी. मिस्टरांचा पगार 65 हजार, खर्च 55 हजार. वर्षाला उरतात 1 लाख 20 हजार, त्यातले 1 लाख हप्त्यात जातात. वीस वर्षांत 20 लाख भरून 34 लाख मिळणार, म्हणजे वर्षाला जेमतेम 5 टक्के परतावा. महागाई 6 टक्के धरली तर ते आजचे साडेदहा लाख. शिवाय ‘मुलाच्या नावाने’ म्हणजे तो फक्त नॉमिनी, पैसे ज्याला मिळायचे तो; विमा मिस्टरांचाच, आणि उद्या त्यांना काही झालं तर मिळणार 10 लाख. तुमचा आजचा खर्च त्यात दीड वर्ष चालेल. मुलाला आयुष्यभर सांभाळायचंय, ताई! ‘करही वाचतो’ म्हणून एजंटने ही गळ्यात मारली, पण या पगारावर आयकराच्या नव्या पद्धतीत कर मुळातच शून्य आहे. असा माल अशा घरात विकणाऱ्याचा मला मनापासून राग येतो.

मिस्टर 38 वर्षांचे आहेत, तंबाखू खात नाहीत. त्यांच्यासाठी 1 कोटीचा टर्म विमा (मृत्यू झाला तरच पैसे देणारा, म्हणून स्वस्त) वर्षाला अंदाजे 15 ते 20 हजारांत मिळेल. 7 टक्के व्याजाने ते कोटी वर्षाला 7 लाख देतील, म्हणजे आजचं घर चालेल. हा टर्म विमा हातात आल्यावरच जुनी पॉलिसी पेड-अप करा, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून भरलेल्या पैशांपुरती ती चालू ठेवा. चार हप्ते भरलेत, सरेंडरला, म्हणजे आत्ताच मोडली तर, किती मिळतात तेही लेखी मागा.

नॉमिनी म्हणून मुलाचं नाव आहे, तिथे तुमचं घाला. त्याच्या नावावर पैसे आले तर तो सही कशी करणार? तो अठरा वर्षांचा झाला आणि स्वतःचे व्यवहार सांभाळू शकत नसेल, तर 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून कायदेशीर पालकत्व घ्यावं लागेल. त्याच न्यासाची ‘निरामय’ योजना काही शे रुपयांत 1 लाखापर्यंतचं आरोग्य संरक्षण देते. पत्रात तिचा उल्लेख नाही, काढली नसेल तर या महिन्यात काढा.

फिजिओकडे पुढच्या वेळी जाल तेव्हा ती गोधडी सोबत न्या आणि ती रात्री कुठे सरकते ते दाखवा. पाचरीचं माप त्यावरूनच ठरेल.