पुण्याच्या लकडी पुलाचा इतिहास काय आहे? त्याच्या आसपास काय पाहावं?

माझी रोजची वाट या पुलावरून आहे, म्हणून लिहितो.

पाटीवर ‘छत्रपती संभाजी महाराज पूल’ असं नाव आहे, पण रिक्षावाल्याला लकडी पूलच सांगा. १७६१च्या जानेवारीत पानिपत झालं. परतणाऱ्या फौजेला मुठा ओलांडता यावी म्हणून नानासाहेब पेशव्यांनी इथे घाईघाईने लाकडी पूल बांधून घेतला, असं पुण्यात पिढ्यानपिढ्या सांगतात. तो पुढे पुरात वाहून गेला आणि इंग्रजी अमदानीत दगडी पूल झाला. नानासाहेब त्याच वर्षी २३ जूनला पर्वतीवर वारले. पानिपतात त्यांचा थोरला मुलगा विश्वासराव आणि चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ गेले होते. नानासाहेबांची समाधी नदीकाठीच, पूना हॉस्पिटलजवळ आहे. पुलावरून दिवसभर एवढी माणसं जातात आणि समाधीकडे क्वचितच कुणी वळतं, याचं मला फार वाईट वाटतं. तुम्ही आधी तिथे जा.

पण माझ्या मते या पुलाचा खरा इतिहास १२ जुलै १९६१चा आहे. पानशेतचं मातीचं धरण पुरतं बांधून व्हायच्या आधीच त्या पावसाळ्यात भरू लागलं. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, तरी सकाळी ते फुटलं. तो लोंढा खाली १८७९ सालच्या खडकवासला धरणावर आदळला आणि तेही फुटलं. लकडी पूल पाण्याखाली गेला, काठच्या पेठांमधले मातीच्या भिंतींचे वाडे बसले. खडकवासलाच रिकामं झाल्यामुळे नळ कोरडे पडले. घरं गेलेल्यांसाठी गोखलेनगरात अर्धगोल छपरांची घरं उभी राहिली, सहकारनगरकडे पूरग्रस्तांच्या सोसायट्या झाल्या. आजचं पुणे इतकं पसरलेलं दिसतं, त्याची एक सुरुवात त्या सकाळी झाली. म्हणून पुलावर दोन मिनिटं थांबा आणि कठड्यापासून खाली पाणी किती खोल आहे ते बघा. एवढी उंची चढून ते वर आलं होतं.

पेठांच्या बाजूला टिळक चौक, म्हणजे आपला अलका चौक. गणपतीची विसर्जन मिरवणूक लक्ष्मी रस्त्याने इथवर येते. मेट्रोचा मार्ग पुलावरून न्यायचं ठरलं तेव्हा उंच देखावे खालून जाणार कसे, म्हणून मंडळांनी विरोध केला होता आणि तो मला रास्त वाटला. मेट्रो आता धावते आहे. पलीकडे खंडोजीबाबा चौक आणि डेक्कन. डेक्कन जिमखाना १९०६चा.

वेळ असेल तर काठाने खाली ओंकारेश्वरापर्यंत चालत जा. देऊळ पेशवाईतलं आहे, चिमाजी अप्पांची समाधी तिथेच आहे. वाटेत भिडे पूल लागेल. खडकवासल्यातून पाणी सोडलं की तो बुडतो आणि नदीपात्रातला रस्ता बंद होतो, तेव्हा पावसाळ्यात जाणार असाल तर आधी विसर्गाची बातमी बघून निघा.