सपाट लेबल बरणीवर चिकटवलेलंच का दिसतं? फोटोतली वस्तू पटेल अशी कशी वाकवायची?

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन कामं आहेत. लोणच्याच्या बरणीच्या फोटोवर सपाट लेबल बसवायचं, पाडव्याच्या शोभायात्रेच्या फलकासाठी फडकत्या भगव्यावर मंडळाचं नाव उमटवायचं आणि लेझीम खेळणाऱ्या मुलाचा हात थोडा वर उचलायचा. दादरच्या तुमच्या दुकानात ही तिन्ही कामं एकाच आठवड्यात आली आणि तिन्ही तुम्ही फोटोशॉपच्या लिक्विफायने करून पाहताय, म्हणून गाडी अडते आहे. कागद, कापड आणि हात वेगवेगळ्या तऱ्हेने वाकतात. कागद गुंडाळला तरी ताणला जात नाही, त्याची लांबी तेवढीच राहते. कापड घड्या घेतं आणि घडीच्या आत स्वतःचाच काही भाग लपवतं. हात फक्त सांध्यात वळतो, मनगट आणि कोपराच्या मध्ये तो वाकलेला दिसला की बघणाऱ्याला लगेच खटकतं. लिक्विफाय मात्र सगळ्याला ओल्या मातीसारखं ढकलतं. म्हणून आधी ही वस्तू खरी वाकली तर काय होईल ते ठरवा, साधन मग निवडा.

तिन्ही कामांआधी लेयर (चित्राचा वेगळा थर) स्मार्ट ऑब्जेक्ट करून घ्या (लेयरवर राइट क्लिक, कन्व्हर्ट टू स्मार्ट ऑब्जेक्ट). साध्या लेयरवर वॉर्प करून (म्हणजे जाळीने चित्र वाकवून) एंटर दाबलं की पिक्सेल नव्याने मोजले जातात. पुन्हा वॉर्प केला की पुन्हा मोजले जातात, आणि चौथ्या खेपेला बारीक अक्षरांच्या कडा पिठूळ होतात. स्मार्ट ऑब्जेक्टमध्ये मूळ चित्र आत शाबूत राहतं, कितीही वेळा वाकवलं तरी मोजणी मूळावरूनच होते आणि वॉर्प परत उघडला की जाळी होती तशी समोर येते. मूळ चित्र मोठं हवं, ही दुसरी अट. ११ सेंटीमीटर रुंदीचं लेबल ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) सुमारे १३०० पिक्सेल होतं. वाकवायला घेताना ते दुप्पट, म्हणजे २६०० पिक्सेलच्या आसपास ठेवा.

आता बरणी. इथे थोडं गणित आहे आणि सगळी खुबी त्यातच आहे. बरणीचा व्यास ७ सेंटीमीटर धरा. घेर झाला २२, त्यातला समोरून दिसणारा अर्धा भाग ११ सेंटीमीटर. म्हणजे ११ सेंटीमीटरचं लेबल फोटोत ७ सेंटीमीटरच्या रुंदीत मावायला हवं. बहुतेक जण लेबल सरसकट आडवं दाबतात, आणि ते चिकटवल्यासारखं दिसण्याचं पहिलं कारण हेच. खऱ्या बरणीवर मधला भाग जवळपास पूर्ण रुंदीचा दिसतो आणि कडेचा भाग भराभर अरुंद होत जातो. लेबलाचे सहा सारखे उभे पट्टे पाडा, प्रत्येक सुमारे १.८३ सेंटीमीटरचा. फोटोत मधले दोन पट्टे प्रत्येकी १.७५ सेंटीमीटर दिसले पाहिजेत, त्यांच्या शेजारचे दोन १.२८ आणि अगदी कडेचे दोन फक्त ०.४७. व्यास वेगळा असेल तर बरणीच्या अर्ध्या रुंदीचे मध्यापासून कडेकडे ५०, ३७ आणि १३ टक्के घ्या.

हे करायला लेबलाच्या फाइलमध्ये तात्पुरत्या लेयरवर सहा भागांच्या बारीक उभ्या रेघा मारा. मग लेबल स्मार्ट ऑब्जेक्ट करून कंट्रोल+टी, राइट क्लिक, वॉर्प. वरच्या पट्टीत स्प्लिटची बटणं दिसतील. त्यातलं उभ्या रेघेचं बटण घेऊन प्रत्येक खुणेवर एक अशा पाच रेघा टाका. (स्प्लिट २०२० च्या आवृत्तीपासून आहे. त्याआधीची आवृत्ती असेल तर सहा पट्टे कापून वेगवेगळे दाबावे लागतील.) आता शिफ्ट धरून एका रेघेवरचे सगळे बिंदू एकत्र निवडा आणि रेघ तिच्या जागी सरकवा. एंटर दाबा. लेबल अजून सपाटच आहे, फक्त कडांना आक्रसलं आहे. यालाच पुन्हा एकदा स्मार्ट ऑब्जेक्ट करा आणि बरणीवर आणून ठेवा. वक्र या बाहेरच्या थरावर द्यायचा. दोन्ही कामं वेगळ्या थरांवर ठेवली की पुढे फक्त वक्र बदलायचा असेल तर पट्ट्यांना हात लावावा लागत नाही.

वक्रासाठी वॉर्पच्या यादीत आर्च निवडा. नाव जवळचं असलं तरी आर्क वेगळा: आर्क बाजूंना पंख्यासारखं पसरवतो, आर्च उभ्या रेघा उभ्याच ठेवतो. सरळ बरणीला आर्च लागतो. आर्क कामाला येतो तो कटिंगच्या ग्लाससारख्या निमुळत्या वस्तूंवर, कारण निमुळत्या ग्लासाचं खरं लेबलसुद्धा पंख्याच्या आकारातच कापावं लागतं. बेंडचा, म्हणजे वाकण्याचा, आकडा उणे ठेवा, साधारण उणे ८ ते उणे १५, कारण कॅमेरा थोडा वरून असेल तर पुढची कड खाली झुकते. आकडा अंदाजाने ठरवू नका. झाकणाची कड आणि बुडाची कड फोटोत आहेतच, तेच तुमचे गमक. कॅमेरा वर असताना बुडाचा वक्र झाकणापेक्षा जास्त खोल असतो, म्हणून लेबलाची खालची कड वरच्या कडेपेक्षा थोडी जास्त वाकली पाहिजे. आर्च दोन्हींना सारखंच वाकवतो. तो लावून झाल्यावर यादीत कस्टम निवडा आणि खालच्या कडेचे हँडल (ओढायचे बिंदू) थोडे खाली ओढा. लेबल बरणीच्या टोकापर्यंत जात असेल तर कोपऱ्यांजवळ वक्र एकदम उभा होतो, तिथे कोपऱ्याचं हँडल हाताने लावावं लागतं. नव्या आवृत्त्यांत सिलिंडर नावाचा तयार वॉर्पही मिळतो. घाई असेल तर तो वापरा, पण पट्टे कसे आक्रसतात हे एकदा हाताने करून पाहिलं की तो कुठे चुकतोय ते कळतं.

खाद्यपदार्थाचं लेबल आहे म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. १४ अंकी परवाना क्रमांक आणि शाकाहाराचा हिरवा ठिपका कडेच्या १३ टक्क्यांच्या पट्ट्यात पडत असतील तर फोटोत ते वाचता येणार नाहीत. अशा वेळी लेबल बरणीवर थोडं फिरवून मांडा. अक्षरं ताणून वाचनीय करायला गेलात तर सगळा आकार बिघडतो.

आकार जमला तरी काम निम्मंच झालं, कारण गोलाई डोळ्यांना कळते ती प्रकाशावरून. लेबलावर क्लिपिंग मास्क लावलेला, म्हणजे फक्त लेबलाच्या आकारात दिसणारा, नवा लेयर घ्या, ब्लेंडिंग मल्टिप्लाय (खालचं गडद करणारं) ठेवा, मऊ मोठ्या ब्रशने दोन्ही कडा गडद करा आणि ओपॅसिटी ३० ते ४० टक्क्यांवर आणा. ज्या बाजूने उजेड येतोय ती बाजू कमी गडद ठेवा. बरणीच्या काचेवर उजेडाची उभी पांढरी रेघ असेल तर ती लेबलावरूनही गेली पाहिजे, पण कागदावर ती काचेइतकी टोकदार नसते. दुसऱ्या लेयरवर स्क्रीन ब्लेंडिंगमध्ये (ते खालचं उजळ करतं) ती रेघ फिकट आणि पसरट काढा. लेबलाच्या खाली एक-दोन पिक्सेलची बारीक सावलीही द्या. कागदाला जाडी असते, आणि ती दिसली नाही तर लेबल काचेच्या आत छापल्यासारखं वाटतं.

झेंड्याचं तंत्र वेगळं. मोठी लाट आधी साध्या वॉर्पने नावाला द्या, बारीक सुरकुत्या नंतर डिस्प्लेस फिल्टरने द्या. डिस्प्लेस एका करड्या चित्रावरून चालतो. जिथे करडा १२८ (शून्य म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा, त्यांच्या मधला) असेल तिथले पिक्सेल जागचे हलत नाहीत, त्याहून उजळ असतील तर एका बाजूला आणि गडद असतील तर उलट बाजूला सरकतात. हे करडं चित्र झेंड्याच्या फोटोतूनच काढायचं. भगव्याच्या बाबतीत इथे बहुतेकांची चूक होते. ते फोटो सरसकट कृष्णधवल करतात, पण भगव्याचा लाल चॅनल (फोटोत लाल, हिरवा आणि निळा असे तीन रंग वेगळे साठवलेले असतात, त्यातला एक) उन्हात जवळपास पूर्ण भरलेला असतो आणि त्यात घड्या दिसतच नाहीत. चॅनल्समध्ये जाऊन एकेक उघडून बघा: लाल सपाट पांढरट दिसेल, घड्या स्वच्छ दिसतील हिरव्यात. हिरवा चॅनल कॉपी करून नव्या फाइलमध्ये टाका, गॉशियन ब्लर (चित्र धूसर करणारा फिल्टर) ३ ते ६ पिक्सेल द्या. ब्लर नाही दिला तर कापडाचा पोतसुद्धा अक्षरांना कुरतडतो. मग लेव्हल्सने (उजळ-गडद कमीजास्त करण्याच्या साधनाने) झेंड्याचा सर्वसाधारण भाग १२८ च्या आसपास आणा आणि पीएसडी, म्हणजे फोटोशॉपची स्वतःची फाइल, म्हणून साठवा. लेव्हल्सची ही पायरी गाळली की नाव सुरकुततं, पण सगळंच्या सगळं एका बाजूला सरकतं आणि का सरकलं ते कळत नाही.

आता नावाच्या लेयरवर फिल्टर, डिस्टॉर्ट, डिस्प्लेस. दोन्ही स्केलमध्ये १०, स्ट्रेच टू फिट आणि रिपीट एज पिक्सेल्स निवडा, ओके करून ती पीएसडी दाखवा. स्केल १०० असताना जास्तीत जास्त १२८ पिक्सेल सरकतं, म्हणजे १० ला फार तर १३. फोटो ६००० पिक्सेल रुंद असेल तर १३ पिक्सेल नजरेतही येणार नाहीत, तिथे ३०-४० लागतील. फोटो १००० पिक्सेलचा असेल तर १० सुद्धा जास्त होतील. सुरकुत्या उलट्या बाजूला पडल्या तर आकडा उणे करा. शेवटी नावाचं ब्लेंडिंग मल्टिप्लाय करा. नाव पांढरं असेल तर मल्टिप्लाय चालत नाही. तेव्हा नाव नॉर्मल ठेवा आणि त्याच्यावर तेच करडं चित्र मल्टिप्लायमध्ये क्लिप करा. आणि खोल घडी जिथे आहे तिथे अक्षराचा तुकडा मास्कने पुसून टाका. सगळी अक्षरं पूर्ण दिसावीत म्हणून मंडळं आग्रह धरतात, पण घडीवरून अखंड गेलेलं अक्षरच सगळी मेहनत वाया घालवतं. त्यापेक्षा नाव आधीच घड्या कमी असलेल्या भागात, काठीच्या बाजूला बसवा.

लेझीमवाल्या मुलाच्या हाताला पपेट वॉर्प, म्हणजे पिना टोचून चित्र कठपुतळीसारखं वळवणारं साधन. आधी हात खांद्यापासून नीट कापून वेगळ्या लेयरवर घ्या आणि मागचं रिकामं भोक कंटेंट अवेअर फिलने (आजूबाजूचं चित्र बघून भरणाऱ्या साधनाने) भरा. हे आधी केलं नाही तर जुन्या हाताची कड नव्या हाताच्या मागून डोकावते. एडिट, पपेट वॉर्प. मोड रिजिड ठेवा, नॉर्मलमध्ये हात रबरासारखा ताणतो. जाळी बोटांच्या फटी भरून टाकत असेल तर एक्स्पान्शन (जाळी कडेबाहेर किती पसरते तो आकडा) २ वरून १ किंवा शून्यावर आणा. खांद्यावर एक पिन, कोपरावर एक, मनगटावर एक. खांद्याच्या थोडं आत, हलू नये अशा जागी, आणखी एक. मनगटाची पिन ओढा. हात वळण्याऐवजी ताणला जात असेल तर पिन ओढायचं सोडा आणि कोपराची पिन निवडून ऑल्ट दाबा, कर्सर पिनच्या किंचित बाहेर नेला की गोल दिसतो, त्याने हात फिरवा. ऑल्ट दाबून थेट पिनवर क्लिक केलं तर पिन निघून जाते, तेवढं जपा. जाळी नजरेच्या आड येत असेल तर वरच्या पट्टीतली मेशची खूण काढा. कोपर वीसेक अंशांपेक्षा जास्त वळवायचा असेल तर माझ्या मते नवा फोटोच काढावा. त्यापुढे बाहीच्या चुण्या आणि हातावरची सावली जुन्याच स्थितीतली राहते आणि ती दुरुस्त करायला लागणाऱ्या वेळात मुलाला पुन्हा उभं करून दहा फोटो होतात.

लिक्विफाय टाकाऊ नाही. हात बसवल्यावर खांद्याशी राहिलेला बारीकसा टेंगूळ बसवायला तोच हवा. ब्रश दुरुस्तीच्या जागेपेक्षा मोठा घ्या आणि प्रेशर २० ते ३० ठेवा. छोट्या जोरकस ब्रशने कडेला लाटा उठतात. मागे सरळ रेघा असतील, म्हणजे लोकलच्या खिडकीचे गज, चाळीच्या गॅलरीचा कठडा किंवा फरशीचे सांधे, तर त्यांच्यावर आधी फ्रीझ मास्क रंगवा, म्हणजे तो भाग हलत नाही. वाकवलेला फोटो पकडला जातो तो बहुतेकदा मागच्या वाकलेल्या गजामुळे.

फलकाच्या मागे इमारत येणार असेल तर तिच्या कललेल्या उभ्या कडा पर्स्पेक्टिव्ह वॉर्पने सरळ करा. लेआउटमध्ये प्रत्येक भिंतीवर एक चौकट बसवा, मग वॉर्पमध्ये जाऊन उभ्या कडेवर शिफ्ट+क्लिक करा, कड सरळ होते. मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारतींच्या गोल गॅलऱ्या मात्र मुळातच गोल बांधलेल्या आहेत, त्या सरळ करायला जाऊ नका.

फोटोशॉप नसेल तर फोटोपी ब्राउझरमध्येच चालतं, आणि वॉर्प, पपेट वॉर्प, लिक्विफाय तिन्ही त्यात आहेत. गिंप या मोफत प्रोग्राममध्ये २.८ आवृत्तीपासून केज ट्रान्सफॉर्म (वस्तूभोवती पिंजरा आखून वाकवणं) आणि २.१० पासून वॉर्प ट्रान्सफॉर्म आहे. हात किंवा काठी वळवायला केज चांगलं चालतं, डिस्प्लेस त्याच्या मॅप फिल्टरांमध्ये सापडेल.

फाइल छपाईला देण्याआधी ती १०० टक्के झूमवर बघा. फोटोला कॅमेऱ्याचे दाणे असतात आणि तुमचं लेबल किंवा नाव गुळगुळीत असतं. सगळ्यात वर ५० टक्के करड्याचा लेयर ओव्हरलेमध्ये घ्या, त्यावर नॉइज (दाणे) २ टक्के द्या आणि मास्कने तो फक्त लेबलापुरता ठेवा.