बाळाला टीएपीव्हीसी (फुफ्फुसांतून येणाऱ्या नीला चुकीच्या जागी जोडलेल्या असण्याचा जन्मजात हृदयदोष) आहे, पण ते दिसायला ठीक आहे. वजन वाढेपर्यंत शस्त्रक्रिया पुढे ढकलावी का?

नाही, वजनासाठी थांबू नका. तुम्ही लिहिलंय की बाळ २२ दिवसांचं आहे, वजन २.८ किलो, सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) ८५ टक्क्यांच्या आसपास, टूडी इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) सुप्राकार्डियाक टीएपीव्हीसी निघालंय आणि घरातली मोठी माणसं म्हणतायत, ‘जरा बाळसं धरू दे, मग बघू.’ त्यांची काळजी समजते. पण वजन वाढत नाहीये ते या दोषामुळेच, त्यामुळे थांबून बाळसं धरणार नाही.

फुफ्फुसांतून शुद्ध रक्त आणणाऱ्या चार नीला डाव्या कर्णिकेत (हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात) उघडायला हव्यात. टीएपीव्हीसीमध्ये बहुतेकदा त्या हृदयामागे एकत्र येतात, पण डाव्या कर्णिकेला जोडलेल्या नसतात. ते शुद्ध रक्त आडवाटेने उजव्या बाजूला जाऊन अशुद्ध रक्तात मिसळतं. शरीराला मिळणारं रक्त दोन कर्णिकांमधल्या पडद्यातल्या छिद्रातून डावीकडे येतं. रिपोर्टमधलं एएसडी किंवा पीएफओ म्हणजे हेच छिद्र, ते वाचून ‘आणखी एक दोष’ म्हणून घाबरू नका, बाळ त्या छिद्रावरच जगतंय. आणि ८५ सॅच्युरेशनला बाळ निळं दिसेलच असं नाही, डोळ्यांना तो फरक सहज कळत नाही. त्यामुळे ‘दिसायला ठीक’ यावर काहीच ठरवू नका.

खरा प्रश्न वेगळा आहे: त्या आडवाटेत कुठे अडथळा आहे का? डॉक्टरांना हेच पहिलं विचारा. सुप्राकार्डियाक प्रकारात रक्त एका उभ्या नीलेतून वर, मानेच्या पायथ्याशी असलेल्या मोठ्या नीलेत जातं. ही उभी नीला कधीकधी डावी श्वासनलिका आणि फुफ्फुस धमनी यांच्यामध्ये चिमटली जाते. कार्डियाक प्रकारात रक्त कोरोनरी सायनसमध्ये (हृदयाच्या स्वतःच्या मोठ्या नीलेत) किंवा थेट उजव्या कर्णिकेत जातं, तिथे अडथळा कमी आढळतो. इन्फ्राकार्डियाक प्रकार सगळ्यात धोक्याचा, कारण नीला छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याखाली पोटात उतरते, यकृताच्या रक्तवाहिन्यांना मिळते आणि जवळजवळ नेहमीच अडथळा असतो. चौथा मिश्र प्रकार, ज्यात नीला वेगवेगळ्या ठिकाणी उघडतात. अशा वेळी, किंवा इकोमध्ये चारही नीला नीट दिसल्या नसतील तर, सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन) लागतो. चौथी नीला कुठे जाते हे शस्त्रक्रियेआधी कळलेलंच बरं.

अडथळा असला की रक्त फुफ्फुसांत तुंबतं आणि पाणी साचतं. एक्स-रे धुरकट, हृदयाचा आकार मात्र नेहमीएवढाच. हे चित्र न्यूमोनियासारखं किंवा कमी दिवसांच्या बाळाच्या फुफ्फुसविकारासारखं दिसतं आणि निदान तिथेच चुकतं. अशा बाळाची शस्त्रक्रिया तातडीची असते, काही तासांत करावी लागते. अडथळा नसेल तर तयारीला थोडे दिवस मिळतात, पण ते दिवसच, महिने नाहीत. फुफ्फुसांकडे जास्तीचं रक्त जात राहतं, तिथला दाब चढतो, उजवी बाजू फुगते आणि शस्त्रक्रियेनंतरचा काळ अवघड होतो.

तारीख मिळेपर्यंत घरी श्वास मोजा. बाळ शांत झोपलेलं असताना पूर्ण एक मिनिट मोजायचा. सतत ६० च्या वर गेला, फासळ्यांखाली खळगा पडू लागला, दूध ओढताना कपाळाला घाम आला, नेहमीच्या निम्म्याहून कमी दूध गेलं किंवा ओठ-जीभ राखाडी दिसली, तर फोन करत बसू नका, थेट दवाखान्यात न्या. आणि घरी स्वतःच्या मनाने ऑक्सिजन लावू नका. रक्त आतच मिसळतंय, त्यामुळे आकडा ९८ होणार नाही. उलट ऑक्सिजनने फुफ्फुसांतल्या रक्तवाहिन्या सैल होतात आणि तिकडे आणखी रक्त धावतं.

शस्त्रक्रियेत छातीचं हाड मधोमध उघडून बाळाला हार्ट-लंग मशीनवर घेतात. नीला एकत्र येतात ती जागा आणि डावी कर्णिका, दोन्हींना लांब छेद देऊन एकमेकांना शिवतात. मग कर्णिकांमधल्या पडद्यातलं छिद्र बंद करतात आणि उभी नीला बहुतेक वेळा बांधतात. जोड जितका रुंद, तितका चांगला. काही सर्जन ‘सूचरलेस’ पद्धत वापरतात. तिच्यात टाके नीलेच्या काठावर न घेता भोवतालच्या हृदयावरणावर घेतात, म्हणजे काठ आक्रसत नाही.

आयसीयूमध्ये पहिले काही दिवस फुफ्फुसांतला दाब अचानक चढण्याची भीती असते. म्हणून बाळाला झोपवून ठेवतात, गरज पडल्यास नायट्रिक ऑक्साइड (फुफ्फुसांतल्या रक्तवाहिन्या सैल करणारा वायू) देतात. काही वेळा सूज उतरेपर्यंत छाती एक-दोन दिवस उघडीच ठेवतात. ते पाहून पोटात गोळा येईल, पण ती सावधगिरी आहे, बिघाड नव्हे. घरी आल्यावर साधारण सहा आठवडे बाळाला काखेत धरून उचलायचं नाही. एक हात मानेखाली, एक कुल्ल्यांखाली.

शस्त्रक्रिया झाली की बहुतेक कुटुंबं निश्चिंत होतात, इथे मला फार काळजी वाटते. दहातल्या एखाद्या बाळात नीला पुन्हा अरुंद होतात, कधी जोडाशी, कधी नीलेच्या आतच, आणि बहुतेकदा पहिल्या वर्षातच. सुरुवातीला दिसतं ते फक्त एवढंच: वजन थांबतं, श्वास वाढतो, ‘छातीत कफ’ होतो. औषधांनी न हटणारा किंवा परत परत होणारा न्यूमोनिया म्हणजे आधी इको, मग अँटिबायोटिक बदलणं. तपासणीत ‘चारही नीलांचा डॉप्लर (रक्ताचा वेग मोजणारी इको तपासणी) केला का, प्रत्येकीचा वेग किती?’ असं नेमकं विचारा आणि आकडे वहीत लिहा. आधीच्या इकोपेक्षा वेग वाढत असेल, म्हणजे नीला अरुंद होत असल्याची शंका असेल, तर पुढची तपासणी लवकर मागून घ्या. दुरुस्ती वेळेवर झाली तर ती साधते, नीला आतपर्यंत आक्रसल्यावर मात्र अवघड होते.