रंगाच्या आधी तराजू

प्रश्न : पायपर जे-३ कब या छोट्या विमानाचं पाव मापाचं रेडिओ कंट्रोल मॉडेल बांधतो आहे. पंखांचा विस्तार २.६८ मीटर, पेट्रोल इंजिन बसवणार आहे. बालसा (हलकं लाकूड) आणि प्लायचा सांगाडा पुरा झाला. कापड चढवून गणपतीआधी डोप (कापडावर द्यायचं लॅकर) आणि रंग उरकायचा विचार आहे. अगदी खऱ्यासारखं दिसायला रंगाचे किती हात द्यावेत?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : गणपतीआधी डोपला हात लावू नका. डोपमधलं थिनर उडताना कापड गार पडतं, कोकणातल्या श्रावणातलं बाष्प त्यावर बसतं आणि सगळीकडे पांढुरके डाग उमटतात. दिवाळीनंतरची कोरडी हवा येऊ द्या. तोवर कापडाचं काम भरपूर आहे.

किती हात, हे तराजूला विचारा. खऱ्या कबचं जास्तीत जास्त उड्डाणवजन १२२० पौंड, म्हणजे ५५३ किलो. माप पाव झालं की लांबी, रुंदी, उंची तिन्ही पाव होतात, म्हणून वजन चौसष्टावा हिस्सा होतं : सुमारे ८.६ किलो. पंखांचं क्षेत्रफळ उरतं एक चौरस मीटरच्या जरासं वर. एवढ्या वजनात राहिलात तर तुमचा कब खऱ्या कबसारखा संथ, तरंगत उतरेल. माझ्या मते कबचं सगळं देखणेपण त्या उतरण्यात आहे. जड कब कितीही चकचकीत असला तरी मला बघवत नाही.

म्हणून आधी दहा बाय दहा सेंटिमीटरची चौकट करा, तेच कापड ताणून चिकटवा आणि सोनाराकडे असतो तसल्या डिजिटल काट्यावर तोला. एक हात द्या, पूर्ण वाळू द्या, पुन्हा तोला. अर्धा ग्रॅम वाढला, तर साडेतीन चौरस मीटर पृष्ठभागावर तो एकच हात पावणेदोनशे ग्रॅमचा झाला. शेपटीकडे तर फारच जपा. गुरुत्वमध्यापासून शेपूट नाकाच्या जवळजवळ अडीचपट लांब आहे. तिथे शंभर ग्रॅम रंग चढला, तर तोल साधायला पुढे अडीचशे ग्रॅम शिसं ठेवावं लागेल. रडर, फिन, एलेव्हेटर या शेपटीच्या भागांना मोजून पातळ हात द्या.

कापड इस्त्रीने आवळताना पंखाची वरची आणि खालची बाजू आलटून-पालटून घ्या. एकच बाजू आधी ताणली तर पंखाला पीळ बसतो. टोकाशी मागची कड किंचित उचललेली हवी, म्हणजे वेग पडल्यावर टोक आधी स्टॉल होत नाही (उचल गमावत नाही). तेव्हा त्या कडेखाली ठोकळे ठेवून, पंख सपाट फळीवर दाबूनच इस्त्री फिरवा.

आता ज्यात खरा जीव ओतावा ते काम. मूळ कबचं कापड पंखाच्या सांगाड्यातल्या आडव्या पट्ट्यांना, म्हणजे बरगड्यांना, मेणदोऱ्याने हाताने शिवलेलं असे आणि टाक्यांवर पट्टी चिकटवलेली असे. टाक्यांसाठी प्रत्येक बरगडीवर पेन्सिलने सारख्या अंतरावर खुणा करा आणि सुईच्या टोकाने फेविकॉलचा बारीक थेंब ठेवा. वाळल्यावर तो बसतो आणि नेमका टाक्याएवढाच उंचवटा राहतो. त्यावर त्याच कापडाची अर्ध्या इंचाची पट्टी लावा, कारण मूळची दोन इंची. शिंप्याची दातेरी कात्री मात्र वापरू नका. पाव मापावर ते दाते करवतीसारखे दिसतात. सरळ कापलेली कड जास्त खरी वाटते. सकाळच्या तिरप्या उन्हात पंख धरून बघा, टाक्यांची रांग सावलीतून उठून दिसली पाहिजे. हे सगळं काही ग्रॅमांत होतं आणि रंगाच्या तीन हातांनी जे साधत नाही ते साधतं.

पिवळा रंग झाकायला कमकुवत असतो. गडद कापडावर तो मळकट दिसेल, म्हणून कापड पांढरंच घ्या. रंगवलेल्या चौकटीवर पेट्रोल-ऑइलचं मिश्रण रात्रभर ठेवून बघा. रंग चिकट झाला तर तो विमानावर नको. मोटारींचा हार्डनरवाला रंग निवडलात, तर त्यातलं आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असतं, साधा कापडी मास्क त्याला अडवत नाही. बाहेरची शुद्ध हवा पुरवणारा मास्क नसेल तर ते काम गाड्या रंगवणाऱ्या चांगल्या गॅरेजकडे द्या आणि पातळ दोनच हात हवेत, असं आधी बजावून सांगा.