ती गात नव्हती

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. ‘ताई, मला अगं-तुगंच करा’ असं तू सुरुवातीला लिहिलंस, म्हणून तसंच लिहिते.

इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. तुम्ही पाच मैत्रिणी. कॉलेज संपताना ठरवलंत की वर्षातून चार दिवस घर, नोकरी, नवरा, मुलं सगळं बाजूला ठेवून पाठीवर सॅक टाकायची आणि निघायचं. बाविसाव्या वर्षी सुरू झालेलं हे आज पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत एकदाही चुकलं नाही. चोवीस भटकंत्या. तिसऱ्या वर्षी एका डोंगरावरून उतरताना संध्याकाळी धुकं दाटलं आणि एक जण मागे राहिली. बाकी चौघींना वाटलं, ती पुढे गेली असेल. तुम्ही खाली पोहोचलात, ती नव्हती. परत वर चढलात. अडीच तासांनी ती एका कातळाच्या आडोशाला बसलेली सापडली, आणि ती मोठमोठ्यांदा, बेसूर गात होती. तेव्हापासून हा तुमचा हुकमी किस्सा. प्रत्येक मुक्कामात कुणीतरी तिच्या गाण्याची नक्कल करायची आणि सगळ्यांची हसून मुरकुंडी वळायची. तीही हसायची. या वर्षी तुमच्यातल्या एकीची लेक सोबत होती, तिच्यासाठी किस्सा पुन्हा रंगला. आणि नक्कल चालू असताना ती शांतपणे म्हणाली, ‘मी गात नव्हते. तुम्हाला हाका मारून मारून आवाज फुटेनासा झाला होता, म्हणून नुसता सूर लावून धरला होता. आता पुरे.’ दुसऱ्या दिवशी पहाटे ती एकटीच निघून गेली. आज दीड महिना झाला, ग्रुपवर कुणी चकार शब्द लिहिलेला नाही. पुढचं वर्ष पंचविसावं. तू विचारतेस, इतक्या वर्षांची आमची मजा खोटी होती का? एकवीस वर्षं ती बोलली का नाही? आणि आता मी काय करू?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे पक्कं आहे. पण त्याआधी तुझ्या पत्रातल्या एका वाक्याकडे तुला परत न्यायचंय. ते तू कंसात टाकलं आहेस: ‘त्या दिवशी सगळ्यात मागे राहायचं काम खरं तर माझ्याकडे होतं, पण पाय दुखत होते म्हणून मी पुढे निघाले.’ बस्स, एवढंच, आणि लगेच पुढच्या ओळीत तू धुक्याचं वर्णन करायला लागलीस. अख्ख्या पत्राचं वजन त्या कंसात आहे, असं मला वाटतं. किस्सा सांगताना मागे कोण होतं हे कधीच येत नाही ना? मला वाटलंच.

त्या रात्री तुम्ही चौघी किती घाबरला असाल, याची मी कल्पना करू शकते. चोविशीतल्या मुली, अंधार पडलेला, एक बेपत्ता. वर चढताना प्रत्येकीच्या मनात काय काय येऊन गेलं असेल! ती सापडली तेव्हा छातीवरचं ओझं उतरलं आणि ते हसण्यातून बाहेर पडलं. त्या पहिल्या हसण्यात मला काही वावगं दिसत नाही. जीव भांड्यात पडला की माणूस हसतंच. पण मग ते हसणं तुम्हाला सोयीचं झालं. ‘ती हरवली आणि गात बसली’ अशी गोष्ट झाली की ‘आपण तिला सोडून आलो’ ही गोष्ट सांगावी लागत नाही. तुम्ही हे ठरवून केलंत असं मी म्हणत नाही. कुणीच असं ठरवून करत नाही.

आठवणी सांगण्याची गंमत अशी की, जे आपण वारंवार सांगतो ते पक्कं होतं आणि त्याच प्रसंगातलं न सांगितलेलं मात्र अधिकच पुसट होत जातं, सांगणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्यांच्याही मनात. विल्यम हर्स्ट या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये हे प्रयोगातून दाखवलं होतं. तुमच्या बाबतीत बघ ना. एकवीस वर्षं गाणं सांगितलं गेलं. अडीच तास सांगितले गेले नाहीत. आता तुम्हा चौघींना गाणं स्वच्छ ऐकू येतं, आणि ते अडीच तास फक्त एकीकडे उरले आहेत.

तू लिहितेस, दोघी जणी अजूनही हट्टाने म्हणतात, ‘ती गातच होती, मला शब्दसुद्धा आठवतात.’ त्यांना माझं एक सांग. जानेवारी १९८६ मध्ये चॅलेंजर यानाचा स्फोट झाला. दुसऱ्याच दिवशी सकाळी अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात उल्रिक नीसर यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं, की ही बातमी तुम्हाला कुठे, कशी, कुणाकडून कळली. सुमारे अडीच वर्षांनी त्यातल्या ४४ जणांना तेच पुन्हा विचारलं. ११ जणांचं सगळंच्या सगळं चुकलं. तरी अनेकांना आपल्या आठवणीची खात्री होती, आणि स्वतःच्या हस्ताक्षरातला कागद समोर ठेवल्यावरही ‘आता आठवतंय तेच खरं’ असं त्यातले काही म्हणत राहिले. तेव्हा शब्द आठवतात म्हणून तसं घडलं असं होत नाही. उद्या तिच्या सांगण्यातही एखादा तपशील इकडचा तिकडे निघेल, निघू दे. पण आपल्या घशातून गाणं निघत होतं की हाक, याला साक्षीदार एकच आहे. यावर वाद घालू नका.

आणि आणखी एक, जे वाचताना मला सगळ्यात जास्त लागलं. वाट चुकल्यावर काय करावं, हे डोंगरातली जाणती माणसं सांगतात: आहेस तिथेच थांब, आडोसा धर, ठरावीक वेळाने आवाज देत राहा. संकटाची खूण म्हणून गिर्यारोहकांमध्ये एक पद्धतच आहे. मिनिटाला सहा वेळा शिट्टी, हाक किंवा टॉर्चची उघडझाप, मग एक मिनिट थांबायचं, मग पुन्हा. ज्याला ती खूण कळली त्याने मिनिटाला तीन वेळा उत्तर द्यायचं. १८९४ च्या सुमारास क्लिंटन डेंट या ब्रिटिश गिर्यारोहकाने ही पद्धत सुचवली आणि अजूनही तीच चालते. तुझ्या मैत्रिणीला तेव्हा यातलं काही ठाऊक नसेल. तरी ती हलली नाही, आडोशाला बसली आणि आवाज बसला तरी सूर सोडला नाही. म्हणूनच ती सापडली. त्या रात्री तुमच्या पाच जणींत सगळ्यात शहाणी ती होती. आणि किस्सा मात्र तिला वेडी ठरवतो. एकवीस वर्षं.

मग ती बोलली का नाही? याचं उत्तर मी माझ्यावरून देते. आमच्या कंपूत मी ‘विसरभोळी’ होते. एका प्रवासात माझ्या हातातली सगळ्यांची पिशवी फलाटावर राहिली, तेव्हापासून माझ्या हाती काही द्यायचं नाही, असा नियमच झाला. निघताना कुणी ना कुणी म्हणायचंच, ‘हिच्याकडे नको गं!’ मी सगळ्यांत मोठ्याने हसायचे. त्या एका पिशवीनंतर मी आयुष्यात काय काय नीट सांभाळलं, ते मोजायला तिथे कुणाला सवड नव्हती. पण मी बोलले नाही, कारण त्या कंपूत माझी जागा तीच होती. ती जागा नाकारली तर दुसरी मिळेल की नाही, याची खात्री कुठे होती? सोबत हवी असेल तर थट्टा ही तिची वर्गणी आहे, असं मी धरून चालले होते. तुझ्या मैत्रिणीनेही दरवर्षी ती वर्गणी भरली असेल. या वर्षी समोर एक लहान मुलगी बसली होती. त्या मुलीच्या मनातही आपण तशाच कायमच्या नोंदल्या जाणार, हे तिला सोसलं नसेल. हा माझा अंदाज आहे. खरं कारण तिलाच माहीत.

आता मजा खोटी होती का? अजिबात नाही, आणि हे मी तुझं मन राखायला म्हणत नाही. तुझ्याच पत्रात काय काय आहे बघ. कमरेएवढ्या पाण्यातून एकमेकींच्या सॅकचे पट्टे धरून ओढा ओलांडलात. तंबूच्या काठ्या घरी राहिल्या म्हणून रात्रभर कापड अंगावर पांघरून बसलात आणि पहाटे चुकून असा सूर्योदय पाहिलात, जो एरवी झोपेत गेला असता. एकीचा घटस्फोट झाला त्या वर्षी चारही दिवस तिला कुणी एक प्रश्न विचारला नाही, नुसत्या तिच्या दोन्ही बाजूंनी चालत राहिलात. हे वाचताना मला हेवा वाटला. जेफ्री हॉल या अमेरिकी संशोधकाच्या हिशेबाने एखाद्याशी जिवलग मैत्री व्हायला २०० तासांहून जास्त सहवास लागतो. तुमचे वर्षाला चार दिवस, जागेपणीचे दिवसाला पंधरा तास, अशी चोवीस वर्षं, म्हणजे १,४४० तास होतात, आणि त्यात कॉलेजचे दिवस धरलेलेच नाहीत. त्या प्रत्येक तासात तीही होती. त्या रात्रीनंतर ती एकवीस वेळा पुन्हा आली, त्याच तंबूत झोपली, तुमच्याच भरवशावर दोराला धरून उतरली. मजा खरीच होती. त्या मजेच्या आत एक कातळ होता, तोही खरा.

तुझी दुसरी तक्रार, की हल्ली भेटलो तरी पहिल्या पाच-सहा वर्षांचेच किस्से निघतात, ती मला फारशी चिंतेची वाटत नाही. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी माणसाला पुढे जन्मभर जास्त संख्येने आठवतात. स्मृतीचा अभ्यास करणाऱ्यांना हा उंचवटा फार पूर्वीपासून ठाऊक आहे. सगळं पहिल्यांदा घडत असतं तो काळ तो. एवढंच कर, की पुढच्या वेळी पाचही जणींना सारखीच अनोळखी असलेली जागा निवडा. जुनं बोलायला उसंत कमी मिळेल.

आता काय करायचं ते.

बाकीच्या म्हणतात, ‘तिला वेळ देऊ या, आपोआप निवळेल.’ मला हे पटत नाही. तिने तो वेळ एकवीस वर्षं दिला आहे. खूण तिच्याकडून आली, उत्तर तुमच्याकडून यायचं आहे. दीड महिन्याच्या शांततेचा तिने काय अर्थ लावला असेल, हे विचार कर. त्या रात्रीसारखाच.

ग्रुपवर काही लिहू नकोस. हात जोडलेल्या चित्रांची रांग लागेल आणि तिला ‘अगं, ठीक आहे’ म्हणावं लागेल. पाच जणींच्या सामायिक माफीत कुणाचीच माफी नसते. तू एकटीने फोन कर. जमलं तर आधी विचारून भेटायला जा. इतक्या दिवसांनी फोन केला तर तिला खपेल का, अशी तुला धास्ती आहे. पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये केलेल्या अभ्यासात दिसलं, की आपण आपणहून कुणाची विचारपूस केली तर समोरच्याला त्याचं अप्रूप आपल्या अंदाजापेक्षा बरंच जास्त वाटतं. तो अभ्यास दुखावलेल्या मैत्रिणींचा नव्हता, त्यामुळे मी त्यातून भलतं वचन देत नाही. पण तुझा अंदाज भीतीकडे झुकलेला असणार, एवढं त्यावरून नक्की म्हणते.

बोलताना ‘तुला वाईट वाटलं असेल तर’ हे शब्द तोंडातून निघू देऊ नकोस. वाईट वाटलंच आहे, तिने सांगितलं आहे. ‘आम्हीही किती घाबरलो होतो’ हेही आधी नको. ते खरं आहे, पण त्याची पाळी नंतर. आणि रडू आलं तर आवर, नाहीतर तीच तुझी समजूत काढत बसेल. कंसातलं वाक्य कंसाबाहेर काढ: मागे राहायचं काम माझं होतं, मी ते सोडलं, आणि एवढी वर्षं हसण्याआड लपले. मग विचार, ‘त्या अडीच तासांत काय झालं, मला सांगशील?’ आणि गप्प बस. ती सांगेल तेव्हा मध्ये तपशील दुरुस्त करू नकोस. ती म्हणाली, ‘आता नको’, तर तेही ऐकून घे. तिने लगेच मोकळं व्हावं, अशी अपेक्षा घेऊन जाऊ नकोस, आणि पंचविसाव्या भटकंतीचा विषय तर मुळीच काढू नकोस.

त्यानंतर बाकीच्या तिघींना तूच सांग. किस्सा यापुढे तिचा आहे. तिला वाटलं तर ती सांगेल, हसत सांगेल किंवा न हसता. नाही वाटलं तर तो बंद. आणि त्या छोट्या मुलीलाही तिच्या आईने खरी हकिगत सांगायला हवी, पण मैत्रिणीला विचारून. त्या मुलीला उद्या डोंगरात जायचंच आहे. थांबावं कसं आणि आवाज कसा देत राहावा, हे तिला तिच्या मावशीकडूनच कळलेलं बरं.

पुढच्या वर्षी निघालात, तर प्रत्येकीच्या गळ्यात शिट्टी असू दे, प्रत्येक वळणावर डोकी मोजा, आणि मागे कोण राहणार हे निघण्याआधी मोठ्याने ठरवा. पण ते पुढचं. आज संध्याकाळी फोन कर. तिने उचलला नाही तर लांबलचक मेसेज लिहीत बसू नकोस. उद्या पुन्हा कर.